इंदूरमध्ये हॅम रेडिओ: पहिल्या रविवारपासून कॉल साइनपर्यंत

हॅम रेडिओ म्हणजे सरकारी परवाना घेऊन छंद म्हणून केलेला बिनतारी संपर्क; तो करणाऱ्यांनाही हॅमच म्हणतात. त्यांच्या इंदूरच्या क्लबमध्ये नवीन माणूस येतो तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या बॅगेत ऑनलाइन मागवलेला एक चिनी हँडसेट, म्हणजे बोलता-ऐकता येणारा हातातला रेडिओ, असतो. सेट टेबलावर ठेवून तो विचारतो, “काका, हा चालू कसा करायचा?” आणि काका म्हणतात, “आधी बॅटरी काढून ठेव.” कुणाला नाउमेद करायचा हेतू नसतो. आपल्याकडे परवान्याशिवाय ट्रान्समीटर वापरणं तर सोडाच, तो नुसता जवळ बाळगणंही कायद्यात बसत नाही. म्हणून या लेखातला क्रम काहींना उलटा वाटेल: आधी कान, मग माणसं, मग परीक्षा आणि सेट सगळ्यात शेवटी. आधी खरेदी करणाऱ्यांचे सेट कपाटात पडून राहतात आणि आधी ऐकत बसणारे टिकतात, हे मी वर्षानुवर्षं पाहत आलो आहे.

पायरी १: नुसतं ऐका

ऐकायला सुरुवात करण्यासाठी एक रुपयाही लागत नाही. जगभरातल्या हौशी मंडळींनी आपापले रिसीव्हर इंटरनेटला जोडून ठेवले आहेत. वेबएसडीआर किंवा किवीएसडीआर असं शोधा, भारतातला किंवा आसपासच्या देशातला एखादा रिसीव्हर उघडा आणि ७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात फिरा. हा ४० मीटरचा बँड. भारतातले हॅम गप्पा मारायला इथेच जमतात. मोड, म्हणजे आवाज लहरींवर चढवण्याची पद्धत, एलएसबी (लोअर साइडबँड) ठेवा. १० मेगाहर्ट्झच्या खाली एलएसबी आणि वर यूएसबी (अपर साइडबँड), हा जगभरचा रिवाज आहे. आवाज चिरका किंवा घोगरा येत असेल तर तुम्ही नेमक्या जागेवर नाही. पन्नास-शंभर हर्ट्झ इकडे-तिकडे सरका, माणसाचा आवाज माणसासारखा लागेल.

सकाळी सात-आठच्या सुमाराला बसा. हिंदी, इंग्रजी, तमिळ, मल्याळम ऐकू येईल, मधूनच पुण्या-नागपूरकडची मराठीही. विषयाकडे फार लक्ष देऊ नका. तो बहुधा अँटेना, हवा आणि गुडघेदुखी एवढाच असतो. पाहायचं ते असं: कोण कुणाला आधी बोलू देतं, दोन वाक्यांमध्ये किती थांबतात, कॉल साइन, म्हणजे परवान्याबरोबर मिळालेलं अक्षर-अंकांचं नाव, कशी उच्चारतात. ठरलेल्या वेळी भरणाऱ्या बैठकीला ‘नेट’ म्हणतात आणि तिचा एक सूत्रधार असतो. तो ज्याचं नाव घेईल तोच बोलतो. चार-आठ दिवस ऐकलंत की ही शिस्त अंगवळणी पडते, आणि ती कुठल्याच पुस्तकातून येत नाही.

मग तोच बँड रात्री ऐका. दिवसा शेकडो किलोमीटरपर्यंतचे आवाज होते, रात्री हजारो किलोमीटरवरचे येऊ लागतात. वातावरणाच्या वरच्या भागातला डी थर दिवसा या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरतो आणि त्याच्या वरच्या थरावरून लहरी परतून लांब जातात. मालवा हाउसची आकाशवाणी ऐकत मोठ्या झालेल्या मंडळींना आठवत असेल, रात्री मीडियम वेव्हवर भलतीच स्टेशनं मध्ये घुसायची. कारण हेच.

पुढे हौस वाढली तर आरटीएल-एसडीआर नावाचा पेनड्राइव्हएवढा डाँगल घ्या. लॅपटॉपला लावला की घरच्या घरी व्हीएचएफ, म्हणजे ३० ते ३०० मेगाहर्ट्झचा पट्टा, ऐकता येतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक इंदूरवरून जातं तेव्हा १४५.८०० मेगाहर्ट्झवर कधी कधी अंतराळवीर शाळकरी मुलांशी बोलताना सापडतात, कधी चित्रं पाठवली जातात. स्थानक क्षितिजावर उगवून मावळेपर्यंत जास्तीत जास्त दहा-अकरा मिनिटं मिळतात, त्यामुळे वेळ आधी बघून ठेवावी लागते.

पायरी २: क्लबमध्ये जा, पण रिकाम्या हातानं

हॅम रेडिओ हा एक छंद आहे असं बाहेरून वाटतं. आत गेलात की दिसतं, एका गच्चीवर सात-आठ वेगवेगळे छंद बसलेत आणि त्यांचं आपसात फारसं पटतही नाही. एका कोपऱ्यात लांबचे देश गोळा करणारे. शंभर देश-प्रदेश झाल्याशिवाय त्यांचा जीव शांत होत नाही. दुसरीकडे सोल्डरिंगचा धूर काढणारे, ज्यांनी स्वतः केलेल्या सेटवरून कधी कुणाशी बोलणं केलेलंच नसतं. सेट झाला की त्यांचा रस संपतो. टिंब-रेघांच्या संकेतात बोलणारे मोर्सवाले कानाला हेडफोन लावून गप्प. कॉलेजची पोरं लॅपटॉपवर एफटी८, म्हणजे संगणकाकडून संदेश पाठवायची पद्धत, लावून बसलेली. उपग्रहवाले हातात अँटेना घेऊन आकाशाकडे बघत फिरतात. कुणी टेलिकॉममधून निवृत्त, कुणी सैन्याच्या सिग्नल कोअरमधून, कुणाचं सियागंजात दुकान. वय विचारत बसू नका. हवेत सगळे पुरुष ‘ओएम’ (ओल्ड मॅन) आणि सगळ्या बायका ‘वायएल’ (यंग लेडी). पंधरा वर्षांचा मुलगा सत्तरीच्या गृहस्थांना नावानं हाक मारतो आणि खाली गच्चीवर भेटला की वाकून नमस्कार करतो. इंदुरात दोन्ही चालतं.

पहिल्या रविवारी वही, पेन आणि स्वतःचे हेडफोन न्या. माइक हातात मिळणार नाही, राग मानू नका. परवाना नसलेल्याला बोलू देणं क्लबलाच महागात पडतं. प्रत्येक कोपऱ्यात अर्धा तास बसा. “यातलं तुम्हाला काय आवडतं?” एवढाच प्रश्न विचारा, उत्तर आपोआप लांबतं. दोन-तीन खेपांत कळेल की आपल्याला बोलायला आवडतं की बांधायला, की नुसतं भटकायला. हे आधी कळलं तर पुढचे पैसे वाचतात. ज्याला फॉक्स हंट, म्हणजे लपवलेला ट्रान्समीटर शोधायचा खेळ, आवडणार आहे त्याला लांब पल्ल्याचा मोठा एचएफ (३ ते ३० मेगाहर्ट्झ) सेट लागतच नाही.

इंदूरच्या माणसाला या छंदाचा थोडा अभिमान वाटायला जागा आहे. भारतात पहिले हौशी प्रयोग १९२१च्या सुमाराला कलकत्त्यात झाले खरे, पण देशातल्या हौशींची संघटना उभी राहिली ती इथून जवळच. १५ मे १९४८ रोजी महूच्या स्कूल ऑफ सिग्नल्समध्ये ‘अमॅच्युअर रेडिओ क्लब ऑफ इंडिया’ सुरू झाला. पुढे त्याचं मुख्यालय दिल्लीला गेलं आणि १९५४ साली नाव झालं ‘अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया’. हीच संस्था आजही आंतरराष्ट्रीय पातळीवर भारतातल्या हौशींचं प्रतिनिधित्व करते. महूला सिग्नल कोअरचं शिक्षण आजही चालतं, आणि तिथून निवृत्त होऊन इंदुरात घर बांधणारे पुष्कळ. अशा एखाद्या कर्नलसाहेबांच्या शेजारी बसायला मिळालं तर जागा सोडू नका.

पायरी ३: परीक्षा

परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाकडून मिळतो. त्यातली डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) ही शाखा हे काम पाहते. अर्ज ‘सरल संचार’ पोर्टलवर भरायचा. किमान वय १२ वर्षं, शिक्षणाची अट नाही. दोन श्रेणी आहेत. रिस्ट्रिक्टेड श्रेणीसाठी फक्त लेखी परीक्षा; जनरलसाठी लेखी अधिक मोर्स, मिनिटाला ८ शब्दांच्या वेगानं. नवख्यानं रिस्ट्रिक्टेडच द्यावी असं माझं ठाम मत आहे. “एकदाच देतो, थेट जनरल” म्हणणारे मोर्सपाशी अडकतात आणि वर्षभर हवेत येतच नाहीत. फी, केंद्र आणि तारखा अर्जाच्या दिवशी पोर्टलवरच बघा, ओळखीच्यानं सांगितलेल्या आकड्यावर जाऊ नका.

पेपरचे दोन भाग: रेडिओचं तंत्र आणि नियम. तंत्रात ओहमचा नियम, कॉइल-कपॅसिटर, रेझोनन्स, ट्रान्झिस्टर, सुपरहेट रिसीव्हर, मॉड्युलेशन, अँटेना, लहरींचा प्रवास. बारावी सायन्स केलेल्याला हे जड नाही. नियमांत क्यू कोड (क्यूपासून सुरू होणारे ठरावीक अर्थाचे तीन अक्षरी संकेत), कुठला बँड हौशींना आहे, काय बोलायचं नाही, संकटाचा संदेश आला तर काय करायचं. दोन्ही भागांत वेगवेगळं पास व्हावं लागतं, आणि गंमत इथेच होते. इंजिनीअरिंगची पोरं नियमांकडे ढुंकून बघत नाहीत आणि त्यातच आपटतात. बँकेतून निवृत्त झालेले काका नियम तोंडपाठ करतात आणि रेझोनन्सच्या गणिताला घाबरतात. दोघांना शेजारी बसवून एकमेकांना शिकवायला लावणं, ही क्लबची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात चांगली शिकवणी.

अर्ज भरताना एक खास आपल्या लोकांची अडचण सांगतो. आपल्या घरांत आधारवर एक नाव, मार्कशीटवर दुसरं: कुठे वडिलांचं नाव मध्ये, कुठे नाहीच, कुठे आडनाव आधी. मध्य प्रदेशातल्या शाळांनी मधलं नाव गाळलेलं असतं आणि पुण्याहून बदलून आलेल्यांच्या कागदावर ते असतं. फॉर्म भरण्याआधी सगळे कागद एका ओळीत मांडा आणि नाव अक्षर न् अक्षर जुळतं का बघा. परीक्षेपेक्षा यात जास्त दिवस जातात.

पास झाल्यावर परवान्यासाठी वेगळा अर्ज, आणि मग कॉल साइन. साधारणपणे रिस्ट्रिक्टेडला ‘व्हीयू३’ आणि जनरलला ‘व्हीयू२’ अशी सुरुवात, पुढे तुमची अक्षरं. राजीव गांधींची कॉल साइन व्हीयू२आरजी होती. अक्षरं निवडायला मिळाली तर स्वतःची आद्याक्षरं घ्यायचा मोह होतो, पण आधी ती मोठ्यानं म्हणून बघा. गोंगाटात बी, डी, ई, पी, टी सगळी सारखीच ऐकू येतात.

पायरी ४: पहिल्यांदा बोलणं

पहिलं बोलणं क्लबच्या सेटवरूनच करा. परवाना हातात असूनही बटण दाबायला लोक आठवडे घालवतात. घशाला कोरड पडते, स्वतःची कॉल साइन आठवत नाही. यावर उपाय म्हणजे कागद. काय बोलायचं ते समोर लिहून ठेवा: कॉल साइन, नाव, गाव, सिग्नलचा रिपोर्ट. अक्षरं फोनेटिकमध्ये: व्ही म्हणजे व्हिक्टर, यू म्हणजे युनिफॉर्म, एस म्हणजे सिएरा. “एस फॉर सुरेश” कानाला गोड लागतं, पण तिकडे जपानी माणूस बसला असेल तर त्याला सुरेश कळत नाही.

आधी दोन मिनिटं ऐका, मग विचारा, “इज धिस फ्रिक्वेन्सी इन यूज?” कुणी बोललं नाही तर सीक्यू, म्हणजे ‘कुणीही उत्तर द्या’ ही हाक: “सीक्यू सीक्यू, धिस इज व्हिक्टर युनिफॉर्म थ्री,” पुढे तुमची अक्षरं, “कॉलिंग अँड स्टँडिंग बाय.” बटण दाबल्यावर लगेच तोंड उघडू नका, एक श्वास थांबा, रिपीटरला, म्हणजे तुमचा आवाज उचलून पुढे दूर पाठवणाऱ्या यंत्राला, जागं व्हायला तेवढा वेळ लागतो, नाहीतर तुमचं ‘व्हिक्टर’ गिळलं जातं. उत्तर आलं की आधी रिपोर्ट द्या. फाइव्ह-नाइन म्हणजे शब्द स्वच्छ आणि सिग्नल जोरदार. सगळ्यांना फाइव्ह-नाइन वाटण्याची खोड लावून घेऊ नका; समोरचा अँटेना तपासत असेल तर तुमच्या खोट्या कौतुकानं त्याचं नुकसान होतं. निरोप घेताना “सेव्हन्टी-थ्री”, म्हणजे शुभेच्छा. नाव-गाव सांगून झाल्यावर गप्पा हिंदीत किंवा मराठीत करायला कुणाची हरकत नसते.

राजकारण, धंदा, गाणी, दुसऱ्याचे निरोप यांना हवेत जागा नाही. “अमक्याकडे दोन किलो लसणाची सेव पाठव” हा निरोप कितीही निकडीचा वाटला तरी फोनवरच द्या.

बोलणं संपलं की वहीत नोंद. वेळ लिहायची ती यूटीसी, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. सोमवारी पहाटे चारला अर्जेंटिनाशी बोललात तर वहीत रविवार, २२:३०. तारीखही मागे जाते हे विसरणाऱ्यांची क्यूएसएल कार्डं, म्हणजे बोलणं झाल्याच्या पोचपावत्या, जुळत नाहीत म्हणून परत येतात.

पायरी ५: तार, पाइप आणि गच्ची

आता सेट घ्या. पहिला सेट दोन मीटरचा, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा हँडसेट पुरे. त्याची रबरी दांडी मात्र कामाची नाही. त्या पैशांत हातानं केलेली अँटेना दहापट बरी. एक एसओ-२३९ चेसिस सॉकेट घ्या, महारानी रोडवर मिळेल. मधल्या पिनेला ४९ सेंटिमीटरची जाड तांब्याची तार उभी सोल्डर करा. चार कोपऱ्यांच्या भोकांत नट-बोल्टनं ५२ सेंटिमीटरच्या चार तारा बसवा आणि ४५ अंशांत खाली वाकवा. ही ग्राउंड प्लेन अँटेना. तारा आधी सेंटिमीटरभर लांबच कापा. अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते दाखवणारा एसडब्ल्यूआर मीटर लावून थोडं थोडं छाटत जा. कापता येतं, जोडता येत नाही. रीडिंग दीडच्या खाली आलं की पाइपावर चढवून गच्चीवर उभी करा. पाण्याच्या टाकीपासून लांब.

एचएफवर जायचं तर डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली आडवी तार. हिशोब सोपा: १४२.५ भागिले फ्रिक्वेन्सी. ७.१ मेगाहर्ट्झसाठी २० मीटर, म्हणजे मधून दोन्हीकडे १०-१० मीटर तार. सुदामा नगर किंवा राजेंद्र नगरच्या प्लॉटवर सरळ २० मीटर मिळत नाहीत, म्हणून मधला भाग पाइपावर उंच आणि दोन्ही टोकं खाली कठड्याकडे बांधतात. या उलट्या व्हीच्या आकारानं काम भागतं. सात-आठ मीटर उंचीवरचा डायपोल लहरी बऱ्याचशा सरळ वर फेकतो, आणि लांबचे देश हवे असणारे त्याला नावं ठेवतात. पण इंदूरहून हवेतून नागपूर पावणेचारशे आणि पुणे-मुंबई पाचशे किलोमीटरच्या आसपास. दिवसा तेवढ्या पल्ल्याला हीच अँटेना उत्तम. मावशी पुण्यात आणि मावसभाऊ हॅम असेल तर यापेक्षा जास्त काय हवं?

मल्टीत, म्हणजे फ्लॅटच्या इमारतीत, राहणाऱ्यांनी तार चढवण्याआधी सोसायटीच्या सेक्रेटरीला चहाला बोलावून सेट दाखवावा. “यानं टॉवरसारखं रेडिएशन होतं का?” हा प्रश्न येणारच; रिस्ट्रिक्टेड श्रेणीला किती कमी वॉट मिळतात ते परवान्यावर दाखवा. एका माणसाला कळलं की उरलेली बिल्डिंग शांत होते. शेजाऱ्याच्या कठड्याला दोर बांधायचा असेल तर संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर विचारा. संक्रांतीवरून आठवलं: त्या आठवड्यात डायपोल खाली उतरवून ठेवा. पतंगाचा मांजा त्यात अडकतो, पोरं ओढतात, आणि तार तर जातेच, कुणाचा हातही कापतो. जून लागला की दुसरी काळजी, वीज. गडगडाट ऐकू आल्यावर कोअ‍ॅक्स (अँटेनाची केबल) काढायला धावू नका; काम संपलं की रोजच काढून ठेवायची सवय लावा.

सगळं जोडल्यावर नुसती घरघर ऐकू आली तर सेट बिघडला असं समजू नका. सेटला बॅटरीवर चालवा आणि घराचा मेन स्विच बंद करा. घरघर गेली तर चोर घरातच आहे. मग एकेक एमसीबी चालू करत जा: एलईडी बल्ब, स्वस्त मोबाइल चार्जर, सोलरचा इन्व्हर्टर. बहुतेक घरांत दोन-तीन वस्तूच सगळा गोंधळ घालत असतात.

पायरी ६: फॉक्स हंट

क्लबच्या सगळ्या उद्योगांत नवख्यानं पहिल्यांदा कशात उतरावं, तर यात. एकजण छोटा ट्रान्समीटर डब्यात घालून कुठेतरी लपवतो. तो थोड्या थोड्या वेळानं मोर्समध्ये टुकटुकतो, आणि बाकीच्यांनी तो शोधायचा. पिपल्यापालाच्या रीजनल पार्कसारखी मोकळी जागा सुरुवातीला बरी.

हत्यार घरीच होतं. स्टीलचा मेजरिंग टेप कापून तीन तुकडे, पीव्हीसी पाइपाच्या आडव्या दांड्यावर क्लॅम्पनं बसवले की तीन एलिमेंटची यागी, म्हणजे एका दिशेनं जास्त ऐकणारी अँटेना तयार. झुडपातून जाताना टेप वाकतो आणि परत सरळ होतो. ही अँटेना हातात धरून हळूहळू गोल फिरा. सिग्नल जिथे जोरात, तिकडे रेघ. नकाशावर आपली जागा टिंबानं दाखवा, त्या दिशेनं पट्टी ठेवून रेघ मारा. मग दोनशे पावलं बाजूला जा, सिग्नलच्या दिशेनं नाही, बाजूला, आणि पुन्हा तेच करा. दोन रेघा जिथे कापतात त्याच्या आसपास डबा. नवखे हे बाजूला जाणं टाळतात, पहिल्या रेघेवर धावत सुटतात आणि थेट उभ्या केलेल्या गाड्यांपाशी पोचतात. पत्रा, लोखंडी जाळी, आरसी भिंत, सगळं सिग्नल परतवतं.

खरी परीक्षा शेवटच्या पन्नास मीटरांत. सिग्नल इतका जोरात होतो की मीटर सगळ्या दिशांना भरलेला. पोरं गोंधळतात, एकमेकांकडे संशयानं बघू लागतात. अशा वेळी यागी बाजूला ठेवा, सेट छातीशी घट्ट धरा आणि जागेवर वळा. आपलं शरीर मध्ये आलं की सिग्नल पडतो. जिथे सगळ्यात क्षीण, तिथे डबा बरोबर पाठीमागे. तरीही मीटर हलत नसेल तर फ्रिक्वेन्सी पाच-दहा किलोहर्ट्झ बाजूला सरकवा. अनुभवी लोकांकडे आणखी एक युक्ती असते. डबा १४५.५०० वर बोलत असेल तर त्याचा तिसरा हार्मोनिक, म्हणजे तिप्पट फ्रिक्वेन्सीवरचा पडसाद, ४३६.५०० वर क्षीणसा येतो. हँडसेट त्यावर लावा. तो ऐकू आला म्हणजे डबा अगदी जवळ. एवढं करून माणूस वाकतो आणि डबा सापडतो तो बाकाखाली चिकटवलेला, ज्यावर दोन प्रतिस्पर्धी बसून पाणी पीत असतात.

डबा लपवणाऱ्यासाठी मात्र एक गोष्ट अगदी गरजेची. तार बाहेर आलेला, बॅटरी लावलेला, टुकटुक करणारा डबा सार्वजनिक बागेत ठेवणं म्हणजे काय, ते सांगायला नको. त्यावर मोठ्या हिंदी अक्षरांत ‘शौकिया रेडियो प्रतियोगिता’, कॉल साइन आणि फोन नंबर चिकटवा, आणि चौकीदाराला आधी दाखवून ठेवा.

पायरी ७: मग पुढे काय काय

टेकडीवर जाऊन बोलणं पावसाळा संपला की सुरू होतं. जानापावच्या माथ्यावर हँडसेट घेऊन उभं राहा आणि शहरातून जे सेट एकमेकांना ऐकू येत नाहीत ते दोन्ही तुम्हाला ऐकू येतील. व्हीएचएफला उंची लागते, वॉट नाही. जगाचा नकाशा हॅम लोकांनी चौकोनांत वाटून घेतला आहे. इंदूर ‘एमएल७२’ मध्ये येतं. देवासला पोचलात की ‘एमएल८२’, उज्जैनला ‘एमएल७३’. चौकोन गोळा करणारे लोक या तासाभराच्या प्रवासाला परदेशवारीएवढं महत्त्व देतात.

अंतराळ स्थानकाच्या रिपीटरवरून बोलायचं तर १४५.९९० वर ६७ हर्ट्झच्या टोनसह पाठवायचं आणि ४३७.८०० वर ऐकायचं. स्थानकाच्या वेगामुळे (डॉपलर परिणाम) ऐकायची फ्रिक्वेन्सी येताना सुमारे १० किलोहर्ट्झ वर आणि जाताना तेवढीच खाली सरकते. म्हणून पाच चॅनेल आधीच भरून ठेवतात. भारतानंही ५ मे २००५ रोजी पीएसएलव्ही-सी६ वरून ‘हॅमसॅट’ हा हौशींचा उपग्रह सोडला होता आणि तो नऊ वर्षं चालला.

एफटी८ लॅपटॉपवाल्यांसाठी. २०१७ साली निघालेल्या या पद्धतीत दर १५ सेकंदांनी छोटा संदेश जातो आणि कानाला ऐकूही न येणारा सिग्नल संगणक उचलतो. नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ जो टेलर हे तिच्या निर्मात्यांपैकी एक. लॅपटॉपचं घड्याळ सेकंदाला चुकलं की काहीच दिसत नाही, एवढं लक्षात ठेवा. मला स्वतःला यात गंमत वाटत नाही. दोन यंत्रं बोलतात आणि माणूस चहा पितो. पण मल्टीत राहणाऱ्याला, ज्याच्याकडे बाल्कनीत बांधलेली तार एवढीच अँटेना आहे, त्याला याच्याशिवाय ब्राझील दिसणं कठीण. ऑक्टोबरात स्काउटची मुलं जगभर रेडिओवर भेटतात आणि त्याच महिन्याच्या शेवटी मोठी जागतिक स्पर्धा होते. त्या दोन दिवसांत ऐकणाऱ्याला एका बैठकीत जेवढे देश मिळतात तेवढे एरवी महिन्यात मिळत नाहीत.

पायरी ८: संकटाचं काम

बाहेरच्या जगाला हॅम आठवतात ते भूकंप-पुरात. २००१च्या भुज भूकंपात हॅमनी काम केलं. डिसेंबर २००४च्या त्सुनामीत भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी योगायोगानं अंदमानात हौशी मोहिमेवर होते. तिथून बाहेर संपर्क ठेवायला त्यांचे सेट उपयोगी पडले. ही उदाहरणं नवखे उत्साहानं सांगतात, पण त्यामागचं काम कंटाळवाणं आहे आणि त्याचा सराव लागतो. संदेश लिहूनच घ्यायचा: क्रमांक, कुणाकडून, कुणाला, वेळ, शब्दसंख्या. वाचायचा सावकाश, समोरच्यानं लिहून घ्यावा एवढ्या वेगानं. समोरच्यानं परत वाचून दाखवायचा. नावं आणि आकडे दोनदा. आपल्या पदरचा एक शब्द घालायचा नाही. “बहुतेक” हा शब्द तर अजिबात नाही. नेटच्या सूत्रधारानं बोलावल्याशिवाय बटण दाबायचं नाही, तुमच्याकडे कितीही महत्त्वाची बातमी असली तरी. क्लबमध्ये याचा सराव खोट्या संदेशांवर करतात, आणि तीन माणसांतून गेलेला ‘१५ ब्लँकेट’चा संदेश ‘५०’ होऊन परत येतो तेव्हा सगळ्यांना समजतं.

२०२८ साली उज्जैनला सिंहस्थ आहे. लाखोंच्या गर्दीत मोबाइल अडतो हे कुणालाही ठाऊक आहे. पण प्रशासनानं बोलावल्याशिवाय सेट घेऊन तिथे जाऊ नका. अशा वेळी आगाऊ मदतनीस हा पोलिसांच्या डोक्याला आणखी एक ताप असतो. सरावाला मात्र आत्तापासून लागा.

पायरी ९: मोर्स, आणि व्हीयू३चं व्हीयू२

हवेत सहा-आठ महिने काढले की जनरलची इच्छा होतेच. मोर्स डोळ्यांनी शिकू नका. तक्ता भिंतीवर लावून टिंबं मोजणारे मिनिटाला पाच शब्दांवर अडकतात, कारण प्रत्येक अक्षराला डोकं आधी तक्त्याकडे धावतं. अक्षर पूर्ण वेगानं ऐका, दोन अक्षरांमधली जागा मोठी ठेवा आणि ऐकताच हातानं लिहा. रोज पंधरा मिनिटं; रविवारी दोन तास बसून काही होत नाही. सीक्यू ऐकू आलं की ‘डा-डिट-डा-डिट, डा-डा-डिट-डा’ असा ठेका कानात बसतो. ज्यांनी लहानपणी तबल्याचे बोल घोकले आहेत त्यांना हे लवकर जमतं असा आमच्या क्लबमधला अनुभव आहे. अंक सगळे पाच-पाच ठोक्यांचे, ते शेवटी घ्या.

जनरल झाल्यावर जास्त वॉट आणि जास्त बँड मिळतात, आणि बहुधा कॉल साइनही नवी. राजवाड्याचा फोटो टाकून हजार क्यूएसएल कार्डं छापून घेणारे उत्साही दरवर्षी असतात. व्हीयू३ असताना शंभरच छापा.